आधी कुणी केलं आहे का?

प्राण्यांवर प्रयोग करायची परवानगी मागताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो. असाच अभ्यास यापूर्वी इतरत्र झाला आहे का, आणि झाला असेल तर तो पुन्हा करायची गरज काय? हा अर्ज मी आजवर सात वेळा भरला आणि सातही वेळा त्या रकान्यात ‘उपलब्ध माहितीनुसार नाही’ असं लिहिलं. खोटं काही लिहिलं नव्हतं. पण त्यातल्या ‘उपलब्ध’ या शब्दामागे काय काय दडून राहतं ते मला पाचव्या अर्जानंतर कळलं, पुण्यात बाणेरच्या एका हॉटेलात, परिषदेच्या जेवणाच्या रांगेत हातात ताट घेऊन उभी असताना.

त्याआधी थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत गाठी जाळायची यंत्रं बनवते. डॉक्टर त्याला आरएफए म्हणतात, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. पोट न उघडता, सोनोग्राफीत बघत बघत एक लांब सुई यकृतातल्या गाठीत घालायची, रुग्णाच्या मांड्यांना चिकट पॅड लावायचे आणि सुईपासून पॅडपर्यंत साधारण ४०० ते ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडायचा. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा झटका बसला तर स्नायू आखडतात. इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला मात्र ते दाद देत नाहीत, हे फ्रान्समध्ये दार्सोनवाल यांनी १८९१ मध्येच दाखवून दिलं होतं. लोकांना वाटतं सुई तापते. तसं नाही. तिच्याभोवतीच्या ऊतीतले आयन मागेपुढे घुसळले जातात आणि त्या घर्षणाने ऊतीच तापते. ६० अंशांच्या पुढे प्रथिनं गोठतात, पेशी मरतात. १०० च्या पुढे गेलं की पाणी उकळतं, सुईभोवती कोळसा धरतो आणि प्रवाह अडतो. तवा फार तापला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसंच हे. आमची सगळी कारागिरी मधल्या पट्ट्यात टिकून राहण्याची.

हे डोळ्यांनी बघायला अंड्यातला पांढरा बलक पुरतो. काचेच्या पेल्यात सुई बुडवून बटण दाबलं की टोकाभोवती एक पांढरा गोळा हळूहळू फुगत जातो. इंटर्नशिपला आलेली मुलं इथे हमखास मोबाइल काढतात. पुढची पायरी कलेजी. ती आणायला कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात सकाळी लवकर जायचं. बोकडाची लहान पडते म्हणून म्हशीची घ्यायची. माझ्या माहेरी अंडंसुद्धा येत नसे. पहिल्या खेपेला मी ओढणी नाकाला लावून उभी होते. दुकानदाराने विचारलं, ‘‘ताई, रश्श्याला पाहिजे का भाजायला?’’ म्हटलं, भाजायला.

ही कलेजी ३७ अंशांच्या सलाइनमध्ये ठेवून, सुई खुपसून, बारा मिनिटं प्रवाह दिला आणि मधोमध कापली की गडद तपकिरी मांसात एक राखाडी लंबगोल दिसतो. व्हर्नियर लावला की तीन सेंटिमीटर. दुसऱ्या कलेजीत तीन, दहाव्या कलेजीत तीन. त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही सुईत प्रवाह सोडणाऱ्या जनरेटरला झेंडूची माळ घातली, पेढे वाटले. यंत्र तयार झालं, असं आम्हाला खरोखर वाटत होतं.

मग जिवंत डुकराच्या यकृतात त्याच सुईने, तेवढीच मिनिटं, तेवढाच प्रवाह दिला. दोन सेंटिमीटरच्या जरा वर. आणि लंबगोल तर नव्हताच. बिस्किटाचा तुकडा दाताने तोडावा तशी एका बाजूला खाच. पशुवैद्य मॅडमनी तो काप एका रंगाच्या द्रावणात बुडवला. त्यात जिवंत ऊती लाल होते आणि मेलेली फिकटच राहते. खाचेच्या कडेने लाल रेघ उमटली आणि त्या रेघेला लागून एक शीर होती. वाहतं रक्त तिथली उष्णता घेऊन गेलं होतं. तीन मिलिमीटरपेक्षा जाड शिरेलगत हे होतंच होतं. माणसात त्या लाल रेघेच्या जागी कॅन्सरच्या पेशी असत्या आणि काही महिन्यांनी गाठ तिथूनच पुन्हा वाढली असती.

शिवाजी मार्केटातल्या कलेजीत रक्त वाहत नाही, हे काही आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ती खाच बोटाने चाचपणं वेगळं.

म्हणून, प्राण्यांवरचे प्रयोग आजच्या आज बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभी राहू शकत नाही. त्यांचा मुद्दा मला कळतो, आणि संगणकावरची प्रारूपं मी रोज वापरते. शरीरातल्या उष्णतेचं गणित मांडायला आम्ही अजूनही पेनेस यांनी १९४८ मध्ये दिलेलं समीकरण घेतो. त्यात रक्तप्रवाह सगळीकडे सारखा पसरलेला धरतात. जाड शिरा त्यात वेगळ्या घालाव्या लागतात, आणि त्या बरोबर घातल्या आहेत की नाही हे शेवटी कुठल्या तरी जिवंत यकृताशीच ताडून बघावं लागतं. शिवाय काही इजा उशिरा कळतात. हृदयाचे ठोके बिघडल्यावर डाव्या कप्प्यात असंच आरएफने जाळतात. त्यानंतर काही आठवड्यांनी अन्ननलिकेपर्यंत भोक पडल्याचे रुग्ण २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आले. अंड्याच्या बलकाला काही आठवडे नसतात.

पण म्हणून प्रयोगशाळांच्या बाजूनेही मला मुकाट्याने उभं राहता येत नाही. त्याचं कारण म्हणजे आमचं पहिलं डुक्कर. वर सांगितलं ते दुसरं.

शहराबाहेरच्या एका प्राणिगृहात सकाळी नऊची वेळ होती. डुक्कर पंचेचाळीस किलोचं, पांढरं. भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेलं. त्याला रोज खायला घालणारे मामा दारात उभे होते. आमची वायरींची जुळवाजुळव चालली होती ती बघून म्हणाले, ‘‘मॅडम, कालपासून उपाशी आहे ते. लवकर आटपा.’’ आटपलं नाही. डुकराच्या कातडीवर राठ केस असतात आणि तेलकटपणाही असतो. आमच्या मुलाने मांडी भादरली, पण घाईघाईत, आणि पॅडची एक कड सुटी राहिली. तिसऱ्या मिनिटाला इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, चढला, जनरेटर बंद पडला. आम्ही पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. चौथ्या खेपेला मॅडमना वास आला. पॅड जेवढा चिकटलेला होता तेवढ्याच भागातून सगळा प्रवाह जात होता आणि तिथली कातडी भाजली होती. ते डुक्कर चार आठवडे जगवून यकृत कसं भरून येतं ते बघायचं ठरलं होतं. त्याला त्याच दुपारी, भुलेतून उठू न देता, संपवावं लागलं. मॅडम आम्हाला काही बोलल्या नाहीत. हातमोजे काढताना एवढंच म्हणाल्या, ‘‘हे टेबलावर कळलं असतं ना?’’

कळलं असतं. कातडीसकट डुकराचा एक तुकडा आणून पॅड लावून बघितला असता तरी कळलं असतं. केस स्वच्छ भादरायचे, स्पिरिटने पुसायचं, एकाऐवजी दोन पॅड, लांब कड सुईच्या बाजूला. चार ओळींचं ज्ञान. नियामकाकडे गेलेल्या कागदांत हे डुक्कर ‘तांत्रिक कारणास्तव वगळले’ एवढंच होऊन गेलं. चार ओळी आमच्या कपाटात राहिल्या.

आता बाणेरची ती रांग. माझ्यापुढे बाहेरगावच्या एका कंपनीतला तरुण इंजिनिअर होता. पनीर वाढून घेता घेता बोलणं पॅडवर आलं, आणि तो हसत म्हणाला की आमची तर तीन जनावरं त्या पॅडपायी वाया गेली. केव्हा, असं मी विचारलं. आमच्या आधी दोन वर्षं. मी ताट घेऊन टेबलाशी बसले, पण जेवण गेलं नाही. आमचं डुक्कर मरायच्या दोन वर्षं आधीच तीन जनावरांनी तो धडा दिलेला होता, आणि आम्ही तो झाकून ठेवल्यावर आणखी कुणाकुणाची गेली असतील कोण जाणे. त्या तरुणाने वाईट काही केलं नव्हतं. गोपनीयतेच्या करारावर त्याची सही होती, तशीच माझीही होती.

अर्जातला रकाना विचारतो, हे आधी कुणी केलं आहे का? ज्याने केलं त्याने ते सांगितलेलंच नसेल, तर या प्रश्नाला खरं उत्तर देणार कसं? संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीत पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीने नेमलेला सदस्य असतो, शिवाय सामाजिक जाणीव असलेली, शास्त्रज्ञ नसलेली एक व्यक्तीही असते. एवढी मंडळी जमून माझा ‘नाही’ वाचतात, आणि तो तपासायला त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जास्त काही नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की देशात प्राण्यांवर होणारा प्रत्येक असा प्रयोग सुरू होण्याआधी एका सार्वजनिक नोंदवहीत चढावा, आणि संपल्यावर त्याचं काय झालं तेही तिथेच यावं. फसलेल्यांचं तर आधी यावं.

यात अशक्य काही नाही. माणसांवरच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे सीटीआरआय ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. तेव्हाही कंपन्यांना धाक वाटला होता. आज पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी क्रमांक घ्यायचा हे कुणाला जगावेगळं वाटत नाही. प्राण्यांच्या प्रयोगांसाठी जर्मनीत सरकारी संस्थेने २०१९ मध्ये अशी नोंदवही उघडली. युरोपात तर २०१० च्या निर्देशानुसार परवानगी मिळालेल्या प्रकल्पाचा सारांश सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत प्रसिद्ध करावा लागतो.

न सांगितल्याने किती बिघडतं याचा अंदाज येण्यासाठी एक आकडा देते. मेंदूच्या झटक्यावरच्या, म्हणजे स्ट्रोकवरच्या, उपचारांचे प्राण्यांवरचे प्रयोग एका गटाने २०१० मध्ये एकत्र तपासले. ५२५ शोधनिबंधांपैकी मेंदूतल्या इजेवर लक्षणीय परिणाम झाला नाही असं सांगणारे होते फक्त १०. इतकी यशस्वी औषधं असती तर झटका आलेल्या माणसांसाठी आज दवाखान्यात कपाटं भरलेली असती.

आमच्या क्षेत्रातलं याहून बोलकं उदाहरण किडनीच्या धमन्यांचं आहे. धमनीत कॅथेटर घालून तिच्या भिंतीबाहेरच्या नसा आरएफने जाळल्या तर हट्टी रक्तदाब उतरेल, अशी कल्पना. डुकरांमध्ये नसा मरत होत्या, धमन्या शाबूत राहत होत्या. सुरुवातीच्या रुग्णांत रक्तदाब धडाधड उतरला. मग ५३५ रुग्णांची मोठी चाचणी झाली. त्यात काही जणांना फक्त टेबलावर निजवून धमन्यांचे फोटो काढले, जाळलं काहीच नाही. २०१४ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत जाळलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १४.१३ ने उतरला होता आणि काहीच न केलेल्यांचा ११.७४ ने. फरक नगण्य.

लगेच ओरड झाली की बघा, डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. ती डुकरं तरुण होती, धडधाकट होती, त्यांना रक्तदाबाचा आजारच नव्हता. त्यांना जे विचारलं गेलं त्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं होतं. पुढे मृत माणसांच्या धमन्या तपासल्या तेव्हा दिसलं की मुख्य खोडापेक्षा पुढच्या टोकाकडे नसा भिंतीच्या अधिक जवळ येतात. मग पुन्हा डुकरंच घेतली, खोडाबरोबर फांद्याही जाळल्या आणि परिणाम जास्त मिळाला. कॅथेटर बदललं, चाचण्या नव्याने झाल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्या उपचाराला मान्यता दिली. हे सगळं छापलं गेलं होतं, म्हणून तर चूक कुठे झाली ते शोधता आलं. पहिल्या डुकरांचे अहवाल कुणाच्या कपाटात असते तर आपण आजही ‘डुक्कर म्हणजे माणूस नव्हे’ यावरच वाद घालत बसलो असतो.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला धंद्याचा. आमची कल्पना दुसरा उचलेल. त्यात तथ्य आहे, म्हणून नोंद काही वर्षं झाकून ठेवायची सोय द्यावी, सुईची रचना सांगूच नये. प्राणी कोणता, किती, प्रश्न काय, किती दिवस, काय झालं, एवढं पुरे. आणि पॅड नीट चिकटवावा ही कुणाची कल्पना नव्हे, ती चोरून कोण श्रीमंत होणार आहे?

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. नावं बाहेर आली तर प्राणिप्रेमी दारात मोर्चे आणतील. आणतीलही. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालावीत की नाही यावर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दोनपर्यंत भांडणारं हे शहर आहे. पण याच शहराच्या आसपासच्या प्राणिगृहांत काय चालतं हे कुणी विचारत नाही, कारण विचारायला धागाच नाही. लपवल्याने संशय कमी झाल्याचं माझ्या बघण्यात नाही. संस्थेचा पत्ता पहिली काही वर्षं उघड करू नका, हवं तर. प्रयोग उघड करा.

आणि कायदा काय म्हणतो तेही बघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं १४ वं कलम प्रयोगांना मुभा देतं, पण कशासाठी? नव्या शोधाने ज्ञानात भर पडावी, जीव वाचवायला किंवा वेदना कमी करायला उपयोगी पडणारं ज्ञान वाढावं, यासाठी. ती मुभा ज्ञानासाठी आहे, फायलीसाठी नव्हे. आमच्या कपाटातल्या चार ओळींनी कुणाच्या ज्ञानात भर पडली? मी वकील नाही, पण निकाल दडवलेला प्रयोग या कलमाच्या छत्रीखाली पुरता मावतो असं मला वाटत नाही.

दीड वर्षापूर्वी माझ्या सासूबाईंच्या यकृतात गाठ निघाली. २.३ सेंटिमीटर. यकृत आधीच सुरकुतलेलं, शस्त्रक्रिया झेपणारी नव्हती, म्हणून आरएफए ठरलं. यंत्र आमचं नव्हतं, परदेशी होतं. डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनने एक गोल काढला, त्याला चिकटून दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, ‘‘ही शीर लागून आहे. इथली कड राहू शकते. म्हणून मी दोनदा जाळणार, एकावर एक येईल असं.’’ नवरा माझ्याकडे बघत होता, मी त्या दोन रेघांकडे. ती खाच मला ओळखीची होती. डॉक्टरांनी डुकराचं यकृत कधी हातात घेतलं नसेल. पण कुणीतरी घेतलं होतं, मोजलं होतं आणि लिहून ठेवलं होतं, म्हणून त्यांना पेन उचलण्याआधीच ते ठाऊक होतं. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये शिरेच्या बाजूला जरा शंका आली आणि पुन्हा एकदा सुई घालावी लागली. आता सासूबाई सकाळी कमला नेहरू पार्कात दोन फेऱ्या मारतात आणि हळदीच्या दुधाचं श्रेय हळदीलाच देतात.

पुढच्या महिन्यात माझा आठवा अर्ज जायचा आहे. नवी सुई, सहा डुकरं. या वेळी त्या रकान्यात मी ‘होय’ लिहिलं. खाली आमच्या पहिल्या डुकराची हकिगत लिहिली, पॅड, वास, चार ओळी, सगळं. त्या बाहेरगावच्या तीन जनावरांबद्दल लिहिता आलं नाही, ती माझी नव्हेत. कच्चा मसुदा साहेबांकडे सहीला पाठवला, तो परवा परत आला. सही नाही. ‘होय’च्या भोवती पेन्सिलीने एक गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. खोडरबर माझ्या टेबलावरच आहे. मसुदा तसाच ठेवलाय.